प्रकाशकणाचा स्वीकार : टोरंटोपासून म्हैसूरपर्यंत

जानेवारी २०१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०३ वे अधिवेशन भरले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ते शताब्दी वर्ष होते. अधिवेशनास आलेल्या नोबेलविजेत्यांमध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सर्ज हारोश होते. एकेका प्रकाशकणाला नष्ट न करता त्याचे अस्तित्व टिपण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. आज हा कण आपण गृहीत धरतो. परंतु त्याच्या अस्तित्वावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसण्यास जवळजवळ दोन दशके लागली, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा म्हैसूर संस्थानाच्या भूमीवर घडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकाशाचा प्रश्न सुटला आहे, असेच मानले जात होते. शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांनी प्रकाशाचे व्यतिकरण दाखवले होते: दोन वाटांनी आलेला प्रकाश काही ठिकाणी एकमेकांस पुष्टी देतो, तर काही ठिकाणी एकमेकांस पुसून टाकतो. असे केवळ तरंगच करू शकतात. पुढे मॅक्सवेल यांनी प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचे गणिताने मांडले.

१४ डिसेंबर १९०० रोजी माक्स प्लांक यांनी तप्त वस्तूंच्या प्रारणाचे स्पष्टीकरण देताना ऊर्जा ठरावीक पुंजांमध्येच दिली-घेतली जाते, असे गृहीत धरले. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. खुद्द प्रकाशच अशा पुंजांचा बनलेला असल्यासारखा वागतो, असे त्यांनी सुचवले. धातूवर प्रकाश पडला असता इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मात्र विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी वारंवारतेचा प्रकाश कितीही प्रखर असला, तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. दारावर फक्त दहा रुपयांचे एकच नाणे चालत असेल, तर एक रुपयाच्या नाण्यांनी भरलेली थैलीही उपयोगी पडत नाही, तसेच हे आहे. प्रखरता म्हणजे नाण्यांची संख्या, वारंवारता म्हणजे प्रत्येक नाण्याचे मूल्य.

तरीही ही कल्पना कोणाच्या गळी उतरेना. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी वर्षानुवर्षे कसून प्रयोग केले. १९१६ पर्यंत आइनस्टाइन यांचे समीकरण अचूक ठरले, पण मिलिकन यांनी त्यामागील प्रकाशपुंजाची कल्पना मात्र मान्य केली नाही. आक्षेप रास्त होता; प्रकाश कण असेल, तर यंग यांच्या व्यतिकरणाचे काय?

१९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टन यांनी दाखवले की इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी वाढते. जणू एका गोटीने दुसरीला धक्का देऊन आपली काही ऊर्जा गमवावी. १९२४ मध्ये टोरंटो येथे ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत यावर वाद झडला. तेथे उपस्थित असलेले चंद्रशेखर वेंकट रामन त्या वेळी कॉम्प्टन यांच्या निष्कर्षाविषयी साशंक होते.

पुढे त्यांच्याच प्रयोगाने त्यांना त्या निष्कर्षाजवळ आणले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात रामन आणि के. एस. कृष्णन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशात नसलेला नवा रंग स्पष्ट आढळला. प्रकाशकण रेणूला आपल्या ऊर्जेचा ठरावीक भाग देतो आणि उरलेल्या ऊर्जेनिशी, म्हणजेच वाढलेल्या तरंगलांबीने, बाहेर पडतो. क्वचित तो रेणूकडून ऊर्जा घेतोही. कॉम्प्टन यांच्या क्ष-किरणांना मिळालेला हा दृश्य प्रकाशातील जोडीदार होता. १६ मार्च १९२८ रोजी रामन यांनी या शोधाचे सविस्तर विवेचन म्हैसूर संस्थानातील बंगळूर येथे, दक्षिण भारतीय विज्ञान संघटनेसमोर केले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३५ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना ‘राजसभाभूषण’ ही पदवी दिली.

प्रकाशकण मान्य झाला, तरी तो ‘पाहणे’ म्हणजे त्याला संपवणे, ही अडचण उरलीच. डोळा असो वा कॅमेरा, तो प्रकाशकण शोषूनच त्याची नोंद करतो. पॅरिसमध्ये हारोश यांच्या गटाने निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेल्या दोन आरशांमध्ये सूक्ष्मतरंगांचा एकच प्रकाशकण सेकंदाच्या दशांशाहून अधिक काळ कोंडून ठेवला. तेवढ्या वेळात त्याने पृथ्वीच्या परिघाएवढा, सुमारे ४०,००० किलोमीटर प्रवास केला. त्या पोकळीतून एकेक अणू सोडण्यात आला. अणू प्रकाशकण शोषत नसे, परंतु त्याच्या अंतर्गत स्पंदनात सूक्ष्म बदल होई. त्या बदलावरून प्रकाशकण आत आहे की नाही, हे त्याला न दुखावता कळे. २००७ मध्ये या प्रयोगांतून एकेका प्रकाशकणाचा ‘जन्म’ आणि ‘मृत्यू’ टिपला गेला.

मग प्रकाश तरंग की कण? पुंज सिद्धांताचे उत्तर असे की, हे दोन्ही शब्द आपल्या रोजच्या अनुभवातून आलेले आहेत आणि प्रकाश त्यांपैकी एकात मावत नाही. तो तरंगासारखा पसरतो आणि नोंदला जाताना कणासारखा एकाच ठिकाणी सापडतो. नवशिक्याला हे विचित्र वाटले, तर त्याने संकोच बाळगू नये. मिलिकन आणि रामन यांनाही ते सहजी पटले नव्हते. मोठेपण आहे ते शंका असूनही प्रयोग प्रामाणिकपणे पूर्ण करण्यात.