इ. स. १७७४ चा आगमनकाळ

महोत्सवाच्या स्मरणिकेंत लढाईची कथा कशाला, असें आमचे वाचक विचारतील. आगमनकाळीं वेदीवर जांभळा रंग चढतो, 'ग्लोरिया' मुकें होतें. तरी त्याच चार आठवड्यांत तिसरा रविवार ख्रिस्तसभेनें आनंदाचा म्हणून राखिला आहे. हर्ष व शोक एका घरीं कसे नांदतात, हें पाहण्यास आम्हां मानपाडेकरांना दूर जावें लागत नाहीं.

इ. स. १७३७ त ठाणें मराठ्यांनीं घेतलें, १७३९ त वसई पडली. पुढें साष्टींतील ख्रिस्ती मंडळीस देशी पाद्र्यांनींच सांभाळिलें. १७७४ त पोर्तुगीज साष्टी परत घेणार, अशी वार्ता मुंबईकर इंग्रजांस लागली व त्यांनीं आधींच हात घातला. त्या वर्षीं आनंदाचा रविवार ता. ११ डिसेंबरला होता. दुसऱ्याच दिवशीं जनरल गॉर्डन व कमोडोर वॉटसन यांची फौज ठाण्यावर निघाली. ता. १३ स पोर्तुगीज आरमार मुंबईच्या तोंडाशीं आलें तें निषेध करण्यापुरतेंच! ता. २० पासून किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. गोळ्यानें उडालेली वाळू अंगांत शिरून वॉटसन प्राणास मुकला.

नाताळ रविवारीं आला. शांतीचा राजा जन्मला हें शुभवर्तमान ज्या गांवीं ऐकावयाचें, तेथेंच ख्रिस्ताचें नांव घेणारें सैन्य तट फोडीत होतें. ता. २७ च्या रात्रीं खंदक भरण्याचा यत्न फसून शंभर गोऱ्यांची हानि झाली. ता. २८ स सायंकाळीं किल्ला पडला व शिबंदीपैकीं बहुतेक लोक कापले गेले.

ता. २८ डिसेंबर हा हेरोदानें मारविलेल्या निष्पाप बालकांचा सण. तो नाताळच्या अष्टाहांत असूनही, रविवार नसल्यास, जुन्या विधीप्रमाणें त्या दिवशीं जांभळ्या वस्त्रांत मिस्सा होई व ग्लोरिया गाळीत. त्या वर्षीं बुधवार होता. या गोष्टींत 'आपले' व 'त्यांचे' असा हिशेब मांडणें आम्हांस पटत नाहीं. किल्ल्यांत मेलेल्यांचीही घरीं कोणी वाट पाहत होतें.

१७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे कायम राहिली. किल्ल्याचा पुढें तुरुंग झाला. तो आजही आहे. मासुंद्याकाठचें देऊळ संत योहान बाप्तिस्त याच्या नांवाचें. तोही कैदेंतच होता, आणि येणारा तो आला कीं अजून वाट पाहावी, असें त्यानें शिष्य पाठवून प्रभूस विचारिलें. तें शुभवर्तमान जुन्या क्रमांत आगमनकाळच्या दुसऱ्या रविवारीं वाचीत. हल्लीं तीन वर्षांतून एकदां तें आनंदाच्या रविवारीं येतें.