गाडीतली राखदाणी कुठे गेली?

माळशेज घाटाने लेण्याद्री-ओझरला येणाऱ्या मोटारी आपण रोज पाहतो. त्यांत मोबाईल चार्ज करायचं जे गोल भोक असतं, ते मुळात मोबाईलसाठी नव्हतंच. ते होतं सिगारेट पेटवायला.

गाडी चालवताना काडी ओढायची तर दोन्ही हात लागतात. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकी मोटारींत विजेवरचा लायटर आला. बॅटरीच्या जोरावर आतली तार लाल व्हायची. रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत तर मागच्या सीटजवळही राखदाण्या असत. मोटार म्हणजे थाट, आणि थाट म्हणजे धूर! आपल्याकडच्या अँबेसेडरमध्ये आणि मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीतही राखदाणी असायची.

ही सारी सोय ओढणाऱ्याची. तंबाखू बायांच्याही हाती होती, पण मिश्रीच्या डबीला मोटारीत कुणी खण केला नाही. ती बटव्यातच राहिली. आणि लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने काय करायचं? काच खाली करायची, नाकाला पदर लावायचा, बस.

१९९० च्या दशकात वारं फिरलं. अमेरिकी कंपन्या राखदाणी काढू लागल्या. हवी त्याने जादा पैसे मोजून घ्यावी. तिच्या जागी पेला ठेवायचा खण आला. लायटर गेला, १२ व्होल्टचं भोक तेवढं राहिलं. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम लागू झाले. एसटी आणि भाड्याची प्रवासी जीपही त्यात येते; दंड २०० रुपयांपर्यंत. इंग्लंडने तर १ ऑक्टोबर २०१५ पासून, १८ वर्षांखालचं मूल बसलेलं असेल तर खासगी मोटारीतही बंदी केली.

पण राखदाणी गेली म्हणून धूर गेला असं नाही. काच उघडली तरी तो पुरता बाहेर जात नाही. मुलांचा दमा, छातीचे आणि कानाचे आजार त्याने वाढतात.

तेव्हा मैत्रिणींनो, देवदर्शनाला गाडी ठरवताना भाड्याबरोबर हेही ठरवून घेऊ: गाडीत विडी-सिगारेट चालणार नाही. आणि घरच्या गाडीचा नियम घरातच करू. तो सांगायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.