एफएमचा पल्ला: किलोवॅटने मोजण्याची चूक

पुण्याच्या एफएम स्टेशनांची तुलना निघाली, की एक समज गृहीत धरूनच बोलणे सुरू होते. ज्याचे किलोवॅट जास्त ते स्टेशन जास्त दूर पोचते, आणि पुण्याभोवती कंपासने एक वर्तुळ काढले की पिंपरी-चिंचवड त्याच्या पोटात येते, चाकण काठाशी. जाहिरात विकणारा हे वर्तुळ दाखवतो. नाशिक महामार्गाने जाणारा श्रोता ‘खेडपर्यंत स्वच्छ लागतं’ असा दाखला देतो. औद्योगिक पट्ट्याला स्वतःचे स्टेशन हवे असे कुणी म्हटले, तर ‘तुमच्याकडे पुण्याची सगळी लागतात की’ हे उत्तर तयार असते. हे मत मला चुकीचे वाटते. ते पदार्थविज्ञानात टिकत नाही, आणि त्याचा तोटा या पट्ट्यातल्या ज्या माणसांना होतो त्यांना तो झाल्याचे कळतही नाही.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. हा समज अडाणीपणातून आलेला नाही. तो मध्यम लहरींच्या काळातून आला आहे आणि त्या काळी तो बराचसा खरा होता. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली. आज तिचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्‌झवर १०० किलोवॅटने होते. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. ती जमिनीला धरून चालते, आणि ओढ्याचे पाणी खडकाला वळसा घालून पुढे जावे तशी लहानसहान टेकड्यांना वळसा घालते. अशा प्रक्षेपणाचा पल्ला मुख्यतः शक्तीवर आणि जमिनीच्या विद्युतवाहकतेवर ठरतो. पुण्याभोवती वर्तुळ काढून ‘इथवर ऐकू येते’ म्हणणे तेव्हा रास्त होते. दोन पिढ्यांचे कान त्या हिशेबावर तयार झाले.

मग २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला देशातले पहिले एफएम प्रक्षेपण सुरू झाले, २००१ पासून खासगी स्टेशने आली, आणि लहर बदलली. हिशेब मात्र जुनाच राहिला. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्‌झवर लागते. त्या लहरीची लांबी तीन मीटरांच्या आत आहे. ३७९ मीटरच्या लहरीला जो उंचवटा किरकोळ, तो या लहरीपुढे भिंत होऊन उभा राहतो. एफएमची लहर बहुतांशी नजरेच्या रेषेत चालते. म्हणून तिच्या बाबतीत पहिला प्रश्न शक्तीचा नसून मनोऱ्याच्या उंचीचा आहे, आणि दुसरा प्रश्न मधल्या जमिनीचा.

उंचीचा हिशेब पाहा. हवेतून जाताना लहर किंचित खाली वाकते. ते धरून रेडिओचे क्षितिज काढायचे सूत्र सोपे आहे: उंचीचे मीटरमधले वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. सपाट जमिनीवर १०० मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज सुमारे ४१ किलोमीटर येते. आता सिंहगड घ्या. गडमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि पुणे-चाकणचे पठार साडेपाचशे ते साडेसहाशे मीटरवर. फरक सातशे मीटर धरला तरी क्षितिज १०९ किलोमीटरवर जाते. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर नेला तो याच कारणासाठी. गडापासून पिंपरी सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आत आहे आणि चाकण पंचेचाळीसच्या आसपास. सपाट जमिनीवर, समान अंतरावर, मनोऱ्याची उंची दुप्पट केली की शक्ती चौपट केल्याइतका फायदा होतो. उंची सातपट केली तर एकोणपन्नासपट. एवढे किलोवॅट कुणी विकत घेणार नाही आणि कुणाला मिळणारही नाहीत. खासगी एफएमच्या धोरणात पुणे ‘अ’ वर्गातले शहर आहे, आणि त्या वर्गाला परिणामी प्रक्षेपण-शक्तीची मर्यादा १० ते ३० किलोवॅट आहे. सगळी स्पर्धा या तिपटीच्या आतली.

ही तिप्पट तरी किती अंतर वाढवते? सपाट जमिनीवर मनोऱ्यापासून बऱ्यापैकी दूर गेल्यावर लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि शक्तीच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शक्ती दुप्पट केली तर पल्ला सुमारे १९ टक्के वाढतो. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. १० किलोवॅटचे ३० केले तर पल्ला वाढतो ३२ टक्क्यांच्या आत. आणि ‘परिणामी शक्ती’ हा शब्दप्रयोग डोळ्याआड करून चालत नाही. यंत्राची शक्ती आणि अँटेनाच्या दिशादर्शक गुणाने वाढलेली शक्ती या दोन वेगळ्या राशी आहेत. एका स्टेशनची पहिली आणि दुसऱ्याची दुसरी शेजारी ठेवून पुष्कळ तुलना केल्या जातात. त्या मुळातच बाद आहेत.

आता जमीन. वर्तुळाच्या व्याख्येत न्यायशास्त्र ज्यांना अतिव्याप्ती आणि अव्याप्ती म्हणते ते दोन्ही दोष सापडतात. वर्तुळाच्या आत असूनही स्टेशन न लागणाऱ्या जागा आहेत, ही अतिव्याप्ती. शहरातून उत्तरेकडे निघालेल्या लहरीला दिघी-भोसरीकडचे उंचवटे लागतात, पश्चिमेला घोरावडेश्वराची रांग, इंदोरीजवळ भंडारा डोंगर, चाकण एमआयडीसीच्या कडेला भामचंद्र डोंगर. तुकोबांच्या चिंतनाच्या या दोन डोंगरांची उत्तर अंगे पुण्याच्या मनोऱ्यांना पाठमोरी आहेत. नजरेची रेषा डोंगराच्या धारेला नुसती टेकली तरी पलीकडे शक्ती चौथाईवर येते. रेषा धारेच्या खाली दबली तर घट झपाट्याने वाढते. ती २० डेसिबल झाली, तर भरून काढायला शंभरपट शक्ती हवी. अंतर तेच, किलोवॅट तेच, आणि डोंगराच्या अल्याड गाणे तर पल्याड खरखर.

उलट, वर्तुळाच्या बाहेर असूनही स्टेशन लागणाऱ्या जागा आहेत; ही अव्याप्ती. घाटमाथ्याच्या कडेवर कोकणाकडे तोंड करून उभे राहिले, की मधे अडथळा नसल्याने मुंबईची स्टेशने लागतात. थंडीच्या पहाटे जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार थर असा उलटा क्रम जमला, तर लहर त्या थरांत सापडून नेहमीपेक्षा कितीतरी दूर जाते. दोन तासांनी ऊन चढले की ते स्टेशन नाहीसे होते. अशा पहाटे एकदा ऐकलेल्या स्टेशनला कुणी त्याचा पल्ला म्हणू नये.

यावर जाणकार म्हणतील, की अभियंते कंपासने वर्तुळ काढत नाहीत. जमिनीचे चढउतार धरून वाकडीतिकडी सीमारेषा काढतात. हे मान्य. पण त्या रेषेचा अर्थ किती जणांना ठाऊक असतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ज्या वक्रांवरून असे अंदाज बांधले जातात, ते ५० टक्के ठिकाणांसाठीचे असतात. म्हणजे त्या रेषेवर निम्म्या जागी लहर ठरलेल्या तीव्रतेहून जास्त आणि निम्म्या जागी कमी. शिवाय ती तीव्रता जमिनीपासून १० मीटर उंचीवरची धरतात. चाकणजवळच्या महाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीतला रेडिओ फळीवर असतो, तळमजल्यावर, वर स्लॅब किंवा पत्रा. दहा मीटर उंचीवर कान ठेवून कुणी गाणी ऐकत नाही.

त्याच संघाने ठरवलेले किमान तीव्रतेचे आकडे या पट्ट्याविषयी फार बोलके आहेत. स्टीरिओ ऐकायला ग्रामीण भागात ५४, शहरी भागात ६६ आणि मोठ्या शहरात ७४ डेसिबल (मीटरला एक मायक्रोव्होल्ट हे एकक धरून). मोनोसाठी अनुक्रमे ४८, ६० आणि ७०. आणि उद्योगांतल्या व घरगुती उपकरणांचा विद्युत गोंगाट नसेल तिथे स्टीरिओला ४८, मोनोला ३४ पुरतात. हा शेवटचा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शांत माळावर ३४ पुरे, आणि मोठ्या शहराच्या गोंगाटात त्याच मोनोला ७०. मधले अंतर ३६ डेसिबल, म्हणजे शक्तीत सुमारे चार हजारपट. भोसरी, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथे वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत, इंडक्शन भट्ट्या आहेत, मोटारींचा वेग बदलणारे व्हीएफडी आहेत, स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आहेत. हे सगळे रेडिओच्या पट्ट्यात खरखर ओततात. वर पत्र्याच्या शेड. लहर पत्र्यावरून परावर्तित होते, सरळ आलेली आणि उलटून आलेली लहर एकमेकींना कधी जोर देतात, कधी खोडतात. तीन मीटर लांबीच्या लहरीत जोराची जागा आणि खोडलेली जागा यांत पाऊण मीटरचे अंतर असते. यंत्रापाशी न लागणारे स्टेशन दारापाशी लागते ते यामुळे. भोसरी सोडली तर नकाशावर ही ग्रामीण तालुक्यातली गावे. कानाला ती मोठ्या शहराहून कठीण.

मग ‘खेडपर्यंत लागतं’ या दाखल्याचे काय? तो खोटा नाही. तो पुरावा म्हणून अपुरा आहे. मोटारीची अँटेना बहुधा बाहेर, मोकळ्या आभाळाखाली असते. महामार्ग उघड्या जमिनीवरून जातो. मोटारीतले रेडिओ लहर क्षीण झाली की आपोआप स्टीरिओ सोडून मोनोकडे झुकतात, त्यामुळे ऱ्हास लक्षात येत नाही. एका ठिकाणी लहर खोडली गेली तरी पुढच्या क्षणी गाडी तिथून निघून गेलेली असते. जे रस्त्यावर ऐकू आले ते शेडमध्ये, खोलीत, डोंगराच्या कुशीत ऐकू येते, असे अनुमान त्यातून निघत नाही. त्यात ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचीच साक्ष काढली जाते, हेही नोंदवले पाहिजे. पट्ट्यात राबणारे बहुसंख्य मोटारवाले नाहीत. मोबाइलवर रेडिओ ऐकणाऱ्याची अँटेना म्हणजे इयरफोनची वायर, आणि नव्या अनेक फोनांत तर एफएमची सोयच नाही. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाला २०२३च्या एप्रिलमध्ये उत्पादकांना ती ठेवण्याविषयी सूचनापत्र काढावे लागले.

तेव्हा तुलना करायचीच तर कशी करावी? रेडिओ संच एक, अँटेनाची उंची एक, स्टीरिओ किंवा मोनो आधी ठरवलेले, वेळा ठरलेल्या, आणि गावांची जाळी आखून प्रत्येक चौकोनात अनेक जागी नोंद: उघड्यावर, खोलीत, शेडमध्ये. उत्तर किलोमीटरमध्ये येणारच नाही. ते ‘निघोज्यात इतक्या टक्के खोल्यांत समजण्यासारखे’ अशा रूपात येईल, आणि स्टेशनागणिक क्रम गावागावाला बदललेला दिसेल. दोन स्टेशनांपैकी ‘जास्त पोचणारे’ कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर असते ही समजूतच सोडावी लागेल.

मंडनाचा भाग इथून सुरू होतो, आणि तो माझ्या दृष्टीने खंडनापेक्षा मोलाचा आहे. पल्ला शक्तीच्या चतुर्थ मुळाने वाढतो, हे सूत्र उलटे वाचा. पुणे विद्यापीठाचा सामुदायिक रेडिओ विद्यावाणी १०७.४ वर लागतो. सामुदायिक रेडिओला परिणामी शक्तीची मर्यादा साधारण १०० वॅट आणि मनोरा तीस मीटरांपर्यंत. १० किलोवॅट त्याच्या शंभरपट. पण उंची आणि जमीन समान असती तर पल्ला जेमतेम तिप्पट भरला असता. गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून चाकणपर्यंत विद्यावाणीने पोचावे अशी अपेक्षाच चुकीची. ते अंतर तेवीस किलोमीटरच्या घरात आहे. परंतु तसाच १०० वॅटचा मनोरा महाळुंग्यात उभा राहिला, तर निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, खराबवाडी, चाकण गाव हे सगळे साधारण सात किलोमीटरच्या आत येतात, आणि मनोरा डोंगराच्या कोणत्या अंगाला ठेवायचा हे आपण ठरवू शकतो. जवळच्या लहान स्टेशनाने दूरच्या मोठ्याला मागे टाकावे अशी ही जागा आहे.

कुणी म्हणेल, शक्तीला मग काहीच अर्थ नाही का? आहे. विद्युत गोंगाटावर मात करायला शक्तीच लागते, आणि एफएममध्ये एकाच वारंवारितेवरच्या दोन स्टेशनांपैकी जोरकस दुसऱ्याला पार दाबते. पण कानापाशी जोर हवा, आणि तो जवळिकीने सर्वांत स्वस्त मिळतो. मोबाइलचा डेटा असताना रेडिओ कशाला, हा आक्षेपही मला पटत नाही. पुष्कळ कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही, आणि पूर किंवा रासायनिक गळतीच्या वेळी मोबाइलचे जाळे तुंबते तसे प्रक्षेपण तुंबत नाही. ऐकणारे दहा असोत की दहा लाख.

२०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. एवढे मोठे शहर आणि त्याच्या पलीकडचा सगळा कामगार पट्टा पुण्याच्या वर्तुळात गणला गेला, म्हणून त्याच्या स्वतःच्या आवाजाचा प्रश्न कधी नीट विचारला गेला नाही. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा मार्ग डिसेंबर २००२ पासून आणि ना-नफा सेवाभावी संस्थांना २००६ पासून खुला आहे. आकुर्डी, निगडी, तळेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे मोजणीची उपकरणेही आहेत आणि हात देणारे विद्यार्थीही. त्यांनी वर सांगितल्यासारखी गावोगावची मोजणी करावी, ती मराठीत छापावी, आणि पट्ट्यातल्या एखाद्या संस्थेने त्या मोजणीच्या आधारावर परवान्यासाठी अर्ज करावा.