पोटच्या मुलावर पहारा: ‘स्ट्रेट’ची कहाणी

१९७६ साली फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे ‘स्ट्रेट’ हे किशोरवयीनांसाठीचे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ते काढणारेही पालकच होते.

नव्या मुलाला रात्री स्वतःच्या घरी जाता येत नसे. केंद्रातील एखाद्या जुन्या मुलाच्या घरी त्याची रवानगी होई. जाता-येता जुना मुलगा त्याच्या पँटची पट्ट्याची लूप मागून घट्ट धरून चाले. म्हणजे उपचार निवडणारे आईवडीलच दुसऱ्याच्या मुलाचे पहारेकरी होत. या इतिहासातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

इशारा आधीच मिळालेला होता. ‘स्ट्रेट’ने ज्या ‘द सीड’ची पद्धत उचलली, तिची तुलना सिनेटच्या उपसमितीच्या अहवालाने १९७४ मध्येच उत्तर कोरियाच्या ‘ब्रेनवॉशिंग’शी केली होती. पण धास्तावलेला बाप सरकारी अहवाल कशाला चाळेल? तो शेजाऱ्याचा सुधारलेला मुलगा पाहतो.

भावाला भेटायला गेलेल्या एका महाविद्यालयीन तरुणालाच केंद्राने डांबून ठेवले. १९८३ मध्ये ज्यूरीने त्याला २,२०,००० डॉलर भरपाई मंजूर केली. त्यानंतर दोनच वर्षांनी नॅन्सी रेगन प्रिन्सेस डायनांना घेऊन ‘स्ट्रेट’च्या व्हर्जिनियातील शाखेत गेल्या.

‘स्ट्रेट’ला टाळे लागले ते १९९३ मध्ये.