काळी पाचचा सा

साल 1809. घोडनदीच्या काठी शिरूरच्या छावणीत तुम्ही उभे आहात. असईच्या लढाईत वेलस्लीच्या हाताखाली लढलेले कर्नल वॉलेस वारलेत. पुढून चाललेल्या ड्रमवर काळं कापड गुंडाळलंय, त्यामुळे आवाज छातीत घुमतो पण लांब जात नाही. शिपायांनी बंदुका उलट्या धरल्यात, नळी जमिनीकडे. आता बिगुल वाजेल म्हणून तुम्ही कान देऊन उभे राहता. तो वाजत नाही. ‘लास्ट पोस्ट’ ही धून या काळात छावणीतली रोजच्या रात्रीची खूण आहे: शेवटच्या पहाऱ्यापर्यंत सगळं तपासून झालं, आता झोपा. मयतीला ती वाजवायची रीत पडायला अजून काही दशकं जायची आहेत.

कबरीपाशी बरीच वर्षं थांबा. छावणी हलते, गोरे अंमलदार जातात, आणि सुगीच्या दिवसांत आसपासच्या गावांतले शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य घेऊन इथे येऊ लागतात. वॉलेसला ते ‘सतपुरुष’ म्हणतात. परमुलखातल्या सैनिकाला गावाने आपल्या रीतीने मान दिला, आणि त्यासाठी कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. शिरूरचा हा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो.

आता थोडं मागे या: 31 डिसेंबर 1817ची रात्र. याच छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघते. बरोबर पूना हॉर्सचे अडीच-तीनशे स्वार आहेत, त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या दळाचे. सकाळी कोरेगाव भीमाला जी लढाई होणार, ती तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली आहेत आणि दर 1 जानेवारीला महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक गणवेशाच्या टोप्या घालून तिथे सलामीला उभे राहतात. आपण मात्र त्या घोड्यांच्या मागे जाऊ.

नोव्हेंबर 1914. फ्रान्समध्ये फेस्तुबेरजवळचा खंदक, गुडघाभर चिखल. घोडे मागे ठेवून पूना हॉर्सचे जवान पायी लढताहेत. इथे मेलेल्यासाठी बिगुल वाजवायला कुणाला सवड नाही. तिथून उत्तरेला, सीमेपलीकडे बेल्जियममध्ये, ईपर नावाचं शहर आहे. चौदा वर्षं पुढे सरका.

1928, संध्याकाळचे आठ. मेनिन गेट या स्मारकाच्या कमानीखाली रस्त्यावरची वाहतूक थांबते. ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा 54 हजारांहून अधिक सैनिकांची नावं भिंतींवर आहेत, त्यांत हिंदी सैनिकांचीही. ‘लास्ट पोस्ट’ वाजवायला बिगुल घेऊन पुढे येतात ते गावातल्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. ही रीत गावानेच आपणहून सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा अंमल असताना इथे खंड पडतो, आणि 6 सप्टेंबर 1944ला शहर मोकळं होतं त्याच संध्याकाळी धून पुन्हा वाजते. आजही रोज वाजते. उलट अमेरिकेत सैनिकांच्या अंत्यविधींना बिगुलवाले पुरेनात, तेव्हा 2003पासून आत यंत्र बसवलेला बिगुल आला: बटण दाबायचं आणि ओठांशी धरून उभं राहायचं. तिथेच 2000 साली टॉम डे या माणसाने खऱ्या श्वासाने वाजवणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना उभी केली. त्याची बाजू मला पटते. ज्याला निरोप द्यायचा त्याच्यासाठी एका जिवंत माणसाने दम खर्च करावा, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

आणि आता पुढे, अजून न आलेल्या एका वर्षात. दौंड तालुका, भीमेचा काठ. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार, सगळ्यांचे अण्णा, गेलेत. लढाईत बँडवाल्यांच्या हाती स्ट्रेचर येतं. तेही त्यांनी उचललेलं. पेन्शनीतून बिगुल घेतला आणि शिरूर-दौंडमध्ये कुठलाही माजी सैनिक गेल्याचं कळलं की हे न्हावरे, पारगाव, केडगाव, जिथे असेल तिथे हजर. सीमेवर पडलेल्या जवानासाठी फुलांनी सजवलेली गाडी येते, तहसीलदार येतात, हवेत फैरी झडतात. म्हातारपणी खाटेवर गेलेल्या शिपायाच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नसे. ती उणीव अण्णांनी भरून काढली.

आज त्यांचा बिगुल तुमच्या हातात आहे. त्याला पडदे नाहीत, कळा नाहीत. सगळे सूर ओठांच्या ताणातून काढायचे, आणि ते तरी किती? सा, ग आणि प, वरचे-खालचे धरून पाच. अण्णांनी तुम्हाला हेच शिकवलं होतं, मळ्यात, विहिरीकडे तोंड करून. गालात हवा साठवायची नाही, पोटातून सोडायची. आणि रडायचं असेल तर नंतर. घसा दाटला की वरचा प फाटतो.

वारकऱ्यांचं भजन चाललंय. तुम्ही पुढे होता, वीणेकरी हात वर करतो, टाळ थांबतात. पेटीवाले बुवा तुमच्याकडे बघून काळी पाच दाबून धरतात. बिगुलाचा सा तिथेच असतो, हे अण्णांनी त्यांना कितीतरी मयतींत दाखवलं होतं. तुम्ही सूर लावता. टोपी घातलेले, छातीवर पदकं लावलेले दहा-बारा म्हातारे सावधानमध्ये ताठ होतात. एकाची काठी खाली पडते, तो ती उचलत नाही. दुसऱ्या ओळीत तुमचा ग जरा डळमळतो. तिसरीत सावरतो. वरचा प स्वच्छ लागतो. सव्वा मिनिटात धून संपते आणि पखवाजवर थाप पडते, भजन सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

तुम्ही बिगुल उलटा करून आतलं पाणी झटकता. अण्णांची नात जवळ येते, तिच्या हातात आजोबांची वही आहे. कुणाला, कुठल्या गावी, किती वाजता, असं सगळं त्यात लिहिलेलं. “काका, टाकळी हाजीहून फोन आला होता,” ती सांगते. “तिकडचे एक सुभेदार रात्री गेले. आजोबांनाच विचारत होते. काय सांगू?”

“उद्या किती वाजता, ते विचार.”