गिनीपिगची हाताळणी

गिनीपिगची हाताळणी म्हणजे पाळीव गिनीपिगला (शास्त्रीय नाव: कॅव्हिया पोर्सेलस) भीती वा इजा होऊ न देता उचलण्याची, धरण्याची, कुरवाळण्याची आणि पुन्हा खाली ठेवण्याची पद्धत होय. गिनीपिग हा कृंतक गणाच्या कॅव्हिइडी कुलातील सस्तन प्राणी असून तो दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशात काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. तो सहसा चावत नाही, त्यामुळे मुलांसाठी सोयीचा प्राणी मानला जातो. मात्र चुकीच्या हाताळणीने त्याला गंभीर दुखापत होऊ शकते.

शरीररचना व स्वभाव

प्रौढ गिनीपिगचे वजन साधारणतः ७०० ते १,२०० ग्रॅम आणि लांबी २० ते २५ सेंटिमीटर असते. शरीर जड, पाय आखूड व हाडे नाजूक असल्यामुळे थोड्या उंचीवरून पडूनही पाय मोडणे, कण्याला इजा होणे किंवा पुढचे दात तुटणे संभवते.

निसर्गात गिनीपिगचे पूर्वज इतर प्राण्यांचे भक्ष्य होते. धोका जाणवताच पळून लपणे किंवा जागच्या जागी थिजणे, हे त्याचे स्वसंरक्षणाचे उपाय आहेत. त्यामुळे मांडीवर निश्चल बसलेला गिनीपिग निवांत असेलच असे नाही. तो घाबरून थिजलेलाही असू शकतो. हाताळताना होणारे बहुतेक गैरसमज यातूनच उद्भवतात.

उचलण्याची पद्धत

शिकारी पक्षी वरून झडप घालतात, म्हणून हात वरून न नेता समोरून किंवा बाजूने, प्राण्याला दिसेल असा हळूहळू न्यावा. एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे ठेवावा व दुसऱ्या हाताने मागील भागाला पूर्ण आधार द्यावा. उचलल्यावर त्याला आपल्या छातीशी धरावे. पोट दाबू नये. मानेची कातडी किंवा पाय धरून उचलू नये. गाभण मादीला आवश्यकता असल्याशिवाय उचलू नये. खाली ठेवताना तो पिंजरा दिसताच उडी मारण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे पाय जमिनीला टेकेपर्यंत दोन्ही हातांचा आधार कायम ठेवावा.

लहान मुलांनी जमिनीवर बसूनच, मोठ्यांच्या देखरेखीखाली त्याला मांडीवर घ्यावे.

कुरवाळणे

नव्या घरात आलेल्या गिनीपिगला प्रथम काही दिवस स्थिरावू द्यावे. नंतर हातातून भाजीचे पान देऊन माणसाच्या वासाची व आवाजाची सवय लावता येते. केसांच्या दिशेने, हलक्या हाताने डोके, कानांमागचा भाग व हनुवटी कुरवाळलेली अनेक गिनीपिगना आवडते. पाठीचा मागील भाग व पोट यांना केलेला स्पर्श पुष्कळांना रुचत नाही. सुरुवातीला काही मिनिटांचा सहवास पुरेसा असतो.

देहबोली व आवाज

खोल, संथ घुरघुर आणि सैल पसरलेले शरीर ही समाधानाची चिन्हे आहेत. हीच घुरघुर उंच स्वरात व शरीर ताठ असताना ऐकू आल्यास ती अस्वस्थता दर्शवते. दातांचा कटकट आवाज हा राग किंवा इशारा असतो. डोके झटकून हात दूर सारणे याचा अर्थ स्पर्श नको असा घ्यावा. अशा वेळी कुरवाळणे थांबवून त्याला पिंजऱ्यात सोडावे.

आरोग्यविषयक बाबी

गिनीपिगकडून माणसाला नायट्यासारखे त्वचारोग व साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे हाताळणीनंतर साबणाने हात धुणे आवश्यक असते. उष्णता त्याला सोसत नाही, म्हणून कडक उन्हात त्याला बाहेर नेऊ नये. गिनीपिग आजारपण लपवतो; नियमित हाताळणीमुळे घटलेले वजन, गाठी, वाढलेली नखे किंवा केसगळती वेळीच लक्षात येते. एरवी शांतपणे हाती येणारा गिनीपिग स्पर्श होताच किंचाळू लागल्यास ते वेदनेचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याला पशुवैद्यकाकडे नेणे योग्य ठरते.