भूकंपानंतरच्या आयाबहिणी

जीर्णोद्धार समितीने इतिहासावर चार शब्द लिहिण्यास सांगितले. देवळाविषयी जाणकार मंडळींनी लिहिले आहेच. मी किल्लारीच्या भूकंपानंतरची एक बाजू मांडतो.

दि. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत जाड दगड-मातीच्या भिंती व वर मातीचे जड माळवद, अशी घरे निजलेल्यांवरच कोसळली. सुमारे ८,००० माणसे गेली.

पुढे मदत पुष्कळ आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. आम्हां कारकून मंडळींना पंचनामा ठाऊक. त्यात घर, गुरे, धान्य यांना रकाना असतो, मनाला नसतो. छताखाली निजण्याची भीती, जरा खुट्ट झाले की दचकून उठणे, हे कुठे लिहायचे? कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक मातांची मुले ढिगाऱ्याखाली गेली. त्यांच्यासाठी नळी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्या मातांचे दुःख किती खोल असेल, हे यावरून समजावे. बायको गेलेल्या पुरुषांची लग्ने लवकर लागली. विधवांच्या वाट्याला ते क्वचितच आले.

नवी गावे आखीव, रस्ते रुंद, घरे सुटी सुटी. दिसायला छानच! परंतु जुन्या गावात भिंतीला भिंत होती, भाकरी थापताथापता शेजारणीशी बोलता येई. पाणवठा, देवळाचा ओटा, ही बायकांची मन मोकळे करण्याची ठिकाणे मागेच राहिली. आपण ओटा नव्याने बांधला, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र एक चांगली गोष्ट घडली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्यात आल्या. एरवी उंबरठ्याआड असणाऱ्या बायका घरोघर जाऊन योजना सांगू लागल्या, अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. बैठक घराच्या भिंतीविषयी असे, पण त्या निमित्ताने बाई चार जणींत येऊन बसे. माझ्या मते गोळी-औषधाइतकाच त्याचा गुण आला.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातील काही बायका तिकडे गेल्या आणि आपण कशा सावरलो ते तिथल्या बायकांना सांगून आल्या.